शिसं जातं कुठं?

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत सगळ्यांत देखणी परीक्षा शिशाची. परीक्षानळीत शिशाच्या क्षाराचं द्रावण घ्यायचं, त्यावर पोटॅशियम आयोडाइडचे दोन-चार थेंब टाकायचे, की पिवळाजर्द साका पडतो. पाणी घालून उकळलं की साका विरघळून नळी निवळते, आणि नळाखाली गार करायला धरली की आत सोन्याचा वर्ख चुरावा तसे चकाकते कण तरंगू लागतात. नगर जिल्ह्यात जुन्या अभ्यासक्रमात बी.एस्सी. केलेल्या कुणालाही विचारा, हे कण त्याला आठवतात. मग जर्नलमध्ये 'लेड कन्फर्म्ड' लिहायचं, सरांची सही घ्यायची आणि नळी सिंकमध्ये पालथी करायची. सिंकखालचा पाइप कुठं जातो, हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता.

जिल्ह्यातल्या रसायनशास्त्र विभागांची वाटचाल लिहायची तर इमारती, उद्घाटनं, निकालाची टक्केवारी यांनी पानं भरता येतील. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांनी ती भरलीच आहेत. मला मात्र विभागाचं वय त्याच्या प्रश्नांवरून मोजावंसं वाटतं. सुरुवातीला प्रश्न एवढाच होता, की या पुडीतल्या मिठात कुठला धातू आहे. पुढं तो विहिरीपाशी गेला: या पाण्यात धातू किती आहे? आणि आयनिक द्रवांचं, म्हणजे पातळ राहणाऱ्या मिठांचं, नाव कानावर आल्यापासून तो झाला: धातू बाहेर कसा काढायचा? हा शेवटचा प्रश्न दिमाखदार आहे. पण त्याच्या मागं लागल्यावर हाती जे आलं, ते आधीच्या, मोजण्याच्या प्रश्नालाच जास्त उपयोगी पडणारं आहे, असं माझं मत आहे.

१९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय सुरू केलं. चौदा तालुक्यांचा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा, क्षेत्रफळात राज्यात पहिला असलेला हा जिल्हा. आणि तोवर मॅट्रिकच्या पुढं शिकायचं तर बहुतेकांना पुण्याची नाही तर मुंबईची वाट. दोन वर्षांत पुणे विद्यापीठ उभं राहिलं. १९६० साली श्रीरामपूरला बोरावके महाविद्यालय आणि १९६५ साली कोपरगावला सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालय निघालं. ही दोन्ही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची. मधल्या काळात, १९६१ साली, संगमनेर महाविद्यालय सुरू झालं. १९१८पासून शिक्षणाच्या कामात असलेल्या अहमदनगर जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजानं १९७० साली नगर शहरात न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालय काढलं. प्रवरानगरला पद्मश्री विखे पाटलांच्या नावाचं महाविद्यालय उभं राहिलं. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे आणि विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले. जुन्या मार्कशीटवरची नावं मात्र जुनीच आहेत, म्हणून या लेखात दोन्ही येतील.

नकाशा समोर घेतला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. नगर शहर सोडलं तर ही सगळी कॉलेजं कालव्यांच्या नि उसाच्या गावांत आहेत. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि दुष्काळी म्हणून हिणवला गेलेला उत्तरेचा भाग उसानं हिरवा झाला. १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचं अर्थशास्त्र यांची ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. उसाच्या बिलातून होणाऱ्या कपातीवर या पट्ट्यात शाळा-कॉलेजं वाढली, आणि त्या कॉलेजांतून रसायनशास्त्र घेऊन निघालेली मुलं पुन्हा कारखान्यातच लागली: लॅब केमिस्ट म्हणून.

तिथं त्यांना शिसं पुन्हा भेटलं. उसाच्या रसात साखर किती, हे पोलारीमीटरवर पाहतात. प्रकाशाचा किरण रसातून आरपार जायला हवा. पण रस असतो गढूळ, काळपट. तो निवळण्यासाठी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं एकच भुकटी वापरली गेली: लेड सबअॅसिटेट. चिमूटभर भुकटी टाकायची, हलवायचं, गाळायचं. खाली उतरतो तो पाण्यासारखा स्वच्छ रस. आकडा वाचून झाला की तो रसही सिंकमध्ये आणि शिशाच्या गाळानं भरलेला गाळणकागद कचऱ्यात. हा सगळा व्यवहार नमुन्यापुरता असतो, पोत्यातल्या साखरेशी त्याचा संबंध नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण प्रत्येक पाळीत कितीतरी नमुने, हंगामात महिनोन्महिने, आणि जिल्ह्यात कारखाने डझनावारी. शिशाऐवजी अॅल्युमिनियमचे क्षार वापरण्याच्या पद्धती पुढं आल्या. तरी जुन्या केमिस्टांच्या तोंडी अजून 'लेड टाकून घे' हेच आहे.

महाविद्यालयांतही काही वेगळं चित्र नव्हतं. 'ग्रुप टू'चे धातू म्हणजे पारा, शिसं, तांबं, कॅडमियम, आर्सेनिक. ते ओळखायचे किपच्या उपकरणातून येणारा हायड्रोजन सल्फाइड सोडून. कॅडमियमचा पिवळा, तांब्याचा काळा. सडक्या अंड्यांचा वास शेजारच्या मराठीच्या वर्गापर्यंत जायचा आणि त्यावरून विनोद व्हायचे. नाकाला वायू कळत होता. बिनवासाचा जो धातू मोरीतून जात होता, त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

हे अज्ञान फक्त आपलंच नव्हतं. जपानमधल्या मिनामाता शहरात १९५६ साली मज्जासंस्थेच्या विचित्र आजाराचे रुग्ण पुढं आले. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा माशांवाटे माणसांत गेला होता, हे सिद्ध होऊन सरकारनं मान्य करायला आणखी बारा वर्षं लागली. जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि बायकांची हाडं ठिसूळ झाली. त्या रोगाला जपानी भाषेत 'इताई-इताई', म्हणजे 'आई गं, आई गं', असंच नाव पडलं. आपल्याकडे १९६९ साली महाराष्ट्रानं जलप्रदूषण रोखण्यासाठी स्वतःचा कायदा केला आणि सप्टेंबर १९७०मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा कायदा त्यानंतरचा, १९७४चा. १९७२च्या दुष्काळाच्या सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आली. पण तेव्हाची चिंता विहिरीला पाणी लागतं का, ही होती. त्यात काय आहे, हा प्रश्न पोट भरल्यावर सुचणारा.

तो सुचला तो मळीमुळं. साखर कारखान्यांना जोडून मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या आसवन्या आल्या. एक लिटर अल्कोहोलमागं दहा-पंधरा लिटर सांडपाणी, रंग काळपट तपकिरी. ओढ्यात उतरलं की ओढा काळा, झिरपलं की विहिरीचं पाणी चहासारखं. शेतकरी बाटलीत ते पाणी घेऊन कॉलेजात येऊ लागले: 'सर, एवढं तपासून द्या.' माझ्या मते या विभागांच्या वाटचालीतलं खरं वळण हेच. विद्यापीठानं अभ्यासक्रम बदलला म्हणून ते आलं नाही. गावानं बाटली आणून टेबलावर ठेवली म्हणून आलं.

सामू, क्षारता, कठीणपणा, क्लोराइड, एवढं ब्युरेटवर निघतं. धातूंचं तसं नाही. जुन्या पद्धतीत शिशासाठी डायथायझोन वापरायचे. लाल रंग येतो, पण इतर धातूंचा अडथळा टाळायला सायनाइड घालावं लागतं. विद्यार्थ्यांच्या हाती ते कोण देणार? सहासंयुजी क्रोमियम त्या मानानं सोपं: डायफिनाइल कार्बाझाइड टाकलं की जांभळा रंग, ५४० नॅनोमीटरवर कलरीमीटर लावायचा, आकडा हातात. म्हणूनच कॉलेजांच्या एम.एस्सी. प्रकल्पांत क्रोमियम एवढं लाडकं आहे. त्यामागं प्रदूषणापेक्षा कलरीमीटरची किंमत जास्त आहे, असं कुणी म्हटलं तर मी हो म्हणेन.

बाकीच्या धातूंसाठी हवा अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोमीटर, सगळ्यांच्या बोलण्यात 'एएएस'. ऑस्ट्रेलियाच्या अॅलन वॉल्श यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ही युक्ती. पाण्याचा फवारा अॅसिटिलीनच्या ज्योतीत सोडायचा. ज्या धातूचा शोध घ्यायचा त्याच्याच दिव्याचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा. जेवढा प्रकाश गिळला जाईल तेवढा धातू. प्रत्येक धातूला वेगळा दिवा, आणि प्रत्येक दिव्याचे वेगळे पैसे. अनुदानातून यंत्र येतं, दिवे येत नाहीत; दिवे येतात, तर गॅसचं सिलिंडर संपलेलं असतं. बरीच वर्षं नमुने पवईला जात. तिथल्या आयआयटीत १९७६पासून शासनाच्या विज्ञान विभागाचं प्रगत उपकरण केंद्र होतं. तिथं नंबर लागला की आकडे टपालानं येत. बाटली नेण्याआधी त्यात नायट्रिक आम्ल घालून सामू दोनच्या खाली आणायचा, नाही तर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतो आणि पाणी निर्दोष ठरतं. किती 'निर्दोष' अहवाल हे आम्ल न घातल्यामुळं निघाले असतील, याचा हिशेब कुणाकडे असणार?

मग पाण्यात निघालं काय? संगमनेर महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातून प्रवरेच्या लाभक्षेत्रातल्या विहिरींवर आणि मातीवर झालेला अभ्यास शोधपत्रिकांतून प्रसिद्ध झाला आहे. त्यात समोर येणारा मुख्य शत्रू जड धातू नाही. क्षार आणि नायट्रेट आहे. कालव्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं ऊस, वर युरियाचा मारा, खाली निचरा नाही. जमिनी चिबड झाल्या, खारवट झाल्या. नायट्रेटची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उसाच्या पट्ट्यात ती ओलांडणाऱ्या विहिरी सापडतात.

धातूंच्या बाबतीत आपल्याला आपल्या काळ्या मातीनं सांभाळून घेतलं आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. त्यामुळं मातीत हे धातू सापडले म्हणून लगेच कारखान्याकडे बोट दाखवता येत नाही. हा खडक कुजून झालेली चिकणमाती ऋणभारित असते, धातूंचे धनभारित आयन धरून ठेवते. तिचा सामू आठच्या आसपास नि त्याहून वर, आणि पोटात चुनखडी. अशा मातीत शिसं-कॅडमियम सहजासहजी विरघळून खाली जात नाही. पण साचतं. स्फुरद खतांतून खडकाचं थोडं कॅडमियम येतं, डाळिंबावर बोर्डो मिश्रण मारताना मोरचुदातलं तांबं येतं. जस्ताची गोष्ट तर उलटीच: पिकाला ते कमी पडतं म्हणून शेतकरी झिंक सल्फेटची पिशवी विकत आणतो, आणि तेच जस्त प्रयोगशाळेच्या यादीत 'जड धातू' या सदरात बसतं. प्रकरण प्रमाणाचं आहे, म्हणूनच मोजण्याचं आहे.

खरा धोका ठिकठिकाणचा, बिंदूंचा आहे. नागापूर आणि सुपा औद्योगिक वसाहतींभोवती वाहनांच्या सुट्या भागांची कामं आहेत. असल्या कामांबरोबर प्लेटिंग येतं, आणि प्लेटिंगबरोबर क्रोमियम नि निकेल. कोपरगावचं पाणी गोदावरीचं, आणि गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिकच्या सातपूर-अंबड वसाहती. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारे, भंगारवाले. सहासंयुजी क्रोमियमची पंचाईत ही, की ते धनभारित नसून क्रोमेट म्हणून ऋणभारित असतं. काळी माती त्याला धरत नाही, ते सरळ भूजलात जातं. म्हणजे मातीचा जो आधार मघाशी सांगितला, तो नेमका सगळ्यांत घातक रूपाला लागू नाही.

इथवरची वाटचाल हळूहळू झाली. आयनिक द्रवं मात्र एकदम आली.

मीठ म्हणजे घन, हे आपण गृहीत धरतो. खाण्याचं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पण धनभारित बाजू मोठी, बेढब घेतली, तर आयन एकमेकांत नीट रचले जात नाहीत आणि मीठ खोलीच्या तापमानालाही पातळ राहतं. शंभर अंशांच्या खाली वितळणाऱ्या अशा मिठांना आयनिक द्रवं म्हणतात. १९१४ साली पॉल वाल्डेन यांनी इथिल अमोनियम नायट्रेट नोंदवलं, वितळणबिंदू सुमारे १२ अंश, आणि पुस्तकांत मान त्यांचा. पण १९११ साली कोलकात्यात प्रफुल्लचंद्र राय यांनी रक्षित या सहकाऱ्याबरोबर इथिल अमोनियम नायट्राइट हे पिवळसर द्रव मिळवल्याचं लंडनच्या केमिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापून आलेलं आहे. ते अस्थिर होतं, म्हणून मागं पडलं. रायबाबूंची कीर्ती मुळात १८९६च्या मर्क्युरस नायट्राइटवर, म्हणजे पाऱ्यावर. जड धातू नि आयनिक द्रव दोन्ही एकाच भारतीय रसायनज्ञाच्या टेबलावर शंभर वर्षांपूर्वी होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला काय हरकत आहे?

त्यानंतर बरीच दशकं फार काही घडलं नाही. १९९२ साली हवा-पाण्यात टिकणारी इमिडाझोलियमची द्रवं आली, १९९९ साली केनेथ सेडन यांच्या पुढाकारानं बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात स्वतंत्र संशोधन केंद्र निघालं, आणि अलाबामात रॉबिन रॉजर्स यांनी या द्रवांनी पाण्यातले धातू ओढून घेता येतात का, हे पाहायला सुरुवात केली. २००१ साली त्यांच्या गटानं धनभारित भागालाच गंधकाचे गट जोडून पारा आणि कॅडमियम पकडणारी द्रवं मांडली. पाऱ्याला गंधकाची ओढ असते. ती ओढच रेणूत शिवून टाकली. इकडं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. व्ही. श्रीनिवासन यांचा गट २००२च्या सुमारास आयनिक द्रवांत श्राव्यातीत लहरींच्या साहाय्यानं अभिक्रिया घडवत होता. नगरहून पुणं तीन तासांवर. परिषदांना गेलेले प्राध्यापक हे ऐकून परत येत.

आणि हा विषय तालुक्याच्या कॉलेजला मानवणारा होता. मेथिल इमिडाझोल आणि ब्रोमोब्युटेन गोल चंबूत घ्या, तापवा, ढवळत ठेवा. मधासारखं दाट पिवळसर द्रव तयार. एथिल अॅसिटेटनं धुवा. मग पोटॅशियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट घाला, की पाण्यात न मिसळणारा थर खाली बसतो. ग्लोव्ह बॉक्स नको, महागडा उत्प्रेरक नको. भारनियमनाच्या त्या वर्षांत, जेव्हा दिवसाचे कित्येक तास वीज नसे, तापवण्याचं काम मध्येच थांबलं तरी पदार्थ वाया जात नसे. वाफ जवळजवळ नाही, म्हणून वास नाही, आगीची भीती कमी. 'हरित रसायन' हा शिक्का तयार. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाकडून (बीसीयूडी) किंवा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन योजनेतून मिळणाऱ्या पैशांत एवढं बसत होतं. आठवड्याला सोळा तासांचा वर्कलोड सांभाळून, दिवाळीच्या सुटीत प्रयोग करणाऱ्या प्राध्यापकाला आणखी काय हवं?

याच काळात, २०१०पासून, नेमणूक नि बढतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजणारी पद्धत आली. तिनं संशोधनाची सवय लावली हे खरं, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचं पीकही तिनंच आणलं. चंबूत पाणी घ्यायचं, त्यात स्वतःच शिशाचा क्षार टाकायचा, आयनिक द्रवानं काढायचा, '९८ टक्के निष्कासन' असा आलेख छापायचा. पाणी विहिरीचं नाही, नदीचं नाही, डिस्टिल्ड. अशा निबंधांत चूक काही नसते. फक्त ते कुठल्याच गावाचे नसतात.

एक साधा हिशेब कुणीतरी करायला हवा होता. ब्युटिल मेथिल इमिडाझोलियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट पाण्यात 'न मिसळणारं' म्हणतात, पण लिटरभर पाण्यात ते सुमारे वीस ग्रॅम विरघळतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा भारतीय मानकानुसार लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. समजा विहिरीत मर्यादेच्या दहापट, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम शिसं आहे. ते काढण्यासाठी आपण पाण्यात वीस हजार मिलिग्रॅम परकं मीठ सोडणार: शिशाच्या दोन लाख पट. शिवाय अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेच्या डीट्झ यांनी २००१ सालीच दाखवलं होतं, की काही धातू या द्रवात शिरतात ते द्रवाचा स्वतःचा धनभारित आयन पाण्यात ढकलून. आणि हेक्झाफ्लुरोफॉस्फेट पाण्याबरोबर हळूहळू विघटित होऊन हायड्रोफ्लुरिक आम्ल देतं, हे खुद्द रॉजर्स यांच्या गटानं २००३ साली छापलं. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटलं, की आयनिक द्रवं नेहमीच हरित नसतात. ज्यांनी विषय वाढवला त्यांनीच त्याच्या मर्यादा सांगितल्या. आपल्याकडे पहिला भाग पोचला, दुसरा पोचायला वेळ लागला.

म्हणजे हा सगळा खटाटोप फुकट का? नाही. मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीनं बेलफास्टच्या केंद्राबरोबर नैसर्गिक वायूतला पारा काढणारं आयनिक द्रव विकसित केलं आणि ते प्रत्यक्ष प्रकल्पात चालतं. तिथली युक्ती दोन गोष्टींत आहे: द्रव सच्छिद्र कणांवर मुरवून बसवलेलं आहे, आणि गाळायचा आहे तो वायू, पाणी नव्हे, विरघळून जायला वाटच नाही. पाण्यासाठीही द्रव सिलिकावर नाही तर कायटोसानवर रासायनिक बंधानं पक्कं करण्याची कामं जगभर सुरू आहेत. त्यांची जागा विहिरीवर नाही. प्लेटिंगच्या टाकीच्या तोंडाशी आहे, जिथं क्रोमियम लिटरला कित्येक मिलिग्रॅम असतं. चिपाडाचा कोळसा वापरून क्रोमियम शोषून घेण्याचे प्रयोग तर उसाच्या पट्ट्यात अगदी घरचे. आयनिक द्रवाचं स्वस्त भावंड म्हणून लेस्टरच्या अॅबट यांनी २००३ साली पुढं आणलेलं कोलीन क्लोराइड नि युरियाचं मिश्रणही आहे. एकास दोन प्रमाणात मिसळलं की बारा अंशांना वितळणारं द्रव. कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, युरिया प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतो. मात्र ते पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळं पाण्यातून धातू ओढायला निरुपयोगी. भंगारातून नि घन कचऱ्यातून धातू सोडवायला चांगलं.

मला जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. ज्योतीवरच्या एएएसला शिसं दिसायला लागतं तेच मुळी लिटरला ०.०१ ते ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे पिण्याच्या पाण्याची मर्यादा जिथं आहे, तिथं आपल्या कॉलेजांतलं यंत्र आंधळं होतं. कॅडमियमची मर्यादा तर ०.००३. अहवालात 'आढळले नाही' असं येतं, ते पाणी चांगलं असल्यामुळं की यंत्र कमजोर असल्यामुळं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ग्राफाइट भट्टीचं किंवा आयसीपी-एमएस यंत्र घ्यायचं तर लाखांच्या, कोटींच्या गोष्टी.

इथं आयनिक द्रवाचे काही थेंब कामाला येतात. नमुन्यातलं शिसं आधी योग्य संयुगानं बांधायचं. मग पाण्यात विरघळणारं इमिडाझोलियम क्लोराइड आणि वरून सोडियम हेक्झाफ्लुरोफॉस्फेट टाकायचं. द्रव पाण्यातच बारीक थेंबांनी जन्मतं, पाणी दुधाळ होतं, थेंब शिशाला पोटात घेतात. सेंट्रिफ्यूज फिरवलं की तळाशी इवलासा थेंब. तो अल्कोहोलनं पातळ करून ज्योतीत सोडायचा. मोठ्या बाटलीतलं शिसं एका थेंबात गोळा झालेलं असतं. यंत्र जुनंच, पण आता त्याला मर्यादेखालचंही दिसतं. २००८-०९पासून या सूक्ष्मनिष्कर्षणावर निबंधांची रांग लागली आहे. पाणी इथं प्यायचं नसतं, म्हणून द्रव त्यात विरघळलं तरी कुणाच्या पोटात जात नाही. काढण्यासाठी जे महाग नि घातक ठरतं, ते मोजण्यासाठी थेंबभर पुरतं.

आणि मोजण्याची गरज आहेच. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासणीच्या पेट्या दिल्या गेल्या. त्यात सामू, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह, उरलेला क्लोरीन असं पाहता येतं. शिसं नाही, कॅडमियम नाही. भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, पण चौदा तालुक्यांच्या सगळ्या विहिरींचे धातू त्यांनी एकट्यानं मोजावेत ही अपेक्षा जास्तीची आहे. एम.एस्सी.चा प्रत्येक विद्यार्थी प्रकल्प करतोच. त्यानं डिस्टिल्ड पाण्यात शिसं टाकून ते काढण्याऐवजी आपल्या गावच्या पाच विहिरी पावसाळ्यापूर्वी नि पावसाळ्यानंतर तपासल्या, तर काही वर्षांत जिल्ह्याचा धातूंचा नकाशा तयार होईल. त्यात बहुतेक ठिकाणी मर्यादेच्या आतले आकडे येतील. पत्रिका अशा आकड्यांना दारात उभं करत नाहीत, ही अडचण खरी.

दुसरी अडचण कायद्याची. १९७४च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१नुसार कारवाईसाठी नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यावा लागतो, कारखानदाराला नोटीस देऊन. त्यानं मागणी केली तर त्याच्या समक्ष दोन भाग करून, सीलबंद करून, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. कॉलेजात निघालेल्या आकड्याला तिथं पुरावा म्हणून किंमत नाही. पण अधिकाऱ्यानं येऊन नमुना घ्यावा, असा अर्ज ग्रामपंचायतीला करता येतो, आणि त्या अर्जाला हा आकडा जोडता येतो. जोडताना विहिरीचा गट नंबर, नमुना घेतल्याची तारीख नि वेळ, बाटली प्लास्टिकची होती की काचेची, आणि नायट्रिक आम्ल विहिरीवरच घातलं की प्रयोगशाळेत आल्यावर, एवढं लिहिलेलं असावं.